चिठ्ठी दाखवा, गठ्ठा न्या

“ताई, फोन नंबर दोघींचे वेगवेगळे लिहा. आणि एक नीट ऐका. सह्या दोघींच्या आहेत म्हणून कर्ज काही अर्धं-अर्धं होत नाही. पुरतं तुमच्यावरही आणि पुरतं यांच्यावरही.”

बँकेत कर्जाच्या टेबलामागे बसणाऱ्या बाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा दोरीवाला चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि पेन अर्जातल्या एका रिकाम्या चौकोनावर. समोर ससुली बसली होती. तिच्या मांडीवर दीड महिन्याची मुलगी मोठ्या मुश्किलीने झोपली होती. त्या पोरीची झोप म्हणजे साबणाचा फुगा. फोन नुसता थरथरला तरी फुटायचा, आणि मग तासभर शेजारपाजारसुद्धा जागे.

“माझा नंबर नकोच,” ससुली कुजबुजली. “हिच्यामुळे माझा फोन दिवसभर बंदच असतो. दोन्हीकडे हिचाच लिहा.” तिने शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीकडे हनुवटीने खूण केली.

“लिहा हो बिनधास्त,” मैत्रीण म्हणाली. “कॉलेजात हिची फी भरायलासुद्धा मीच रांगेत उभी राहायचे. आमच्यात तुझं-माझं नाही.”

“नसेल. अर्जात असू द्या,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुम्ही ओळखत नाही हिला!” ससुली हसली, आणि हसण्याने मुलगी चुळबुळली म्हणून लगेच गप्प झाली.

बाई ओळखत नव्हत्या हे खरंच होतं. ससुली तरी कुठे ओळखत होती? पण ते कळायला पुढचे दहा महिने जायचे होते.

मैत्रिणीला कॉलेजपासून सगळे मॉनिटर म्हणत. वर्गात तसं पद नव्हतंच, पण कोणी उशिरा आलं की हजेरी सांभाळणं, सहलीची वर्गणी गोळा करणं, भांडणं लावणं आणि मिटवणं, सगळी खाती हिच्याकडे. आणि ससुलीला ससुली हे नाव दिलं तेही मॉनिटरनेच. कारण कुठे खुट्ट झालं की हिचे कान टवकारलेच. गॅसचं बटण तीनदा तपासणार, दाराची कडी चारदा. मूल झाल्यावर तर विचारूच नका. झोपलेल्या लेकीच्या नाकासमोर बोट धरून श्वास येतोय ना हे बघायची. सासूबाई म्हणायच्या, “अगं, पोरगी श्वास घ्यायला तुझी परवानगी नाही मागत.”

जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या या बाईने एकाच गोष्टीची काळजी केली नव्हती. ती म्हणजे मॉनिटर.

दोघींनी मिळून लाँड्री काढली होती. मोठं वॉशिंग मशीन आणि मोठा ड्रायर, दोन्ही कर्जाने घेतलेले. गिऱ्हाईकं ठरलेली: फिजिओथेरपीचं एक क्लिनिक, त्याच्या चादरी आणि टॉवेल, दोन पार्लर, एक मुलींचं वसतिगृह. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे मशीन, मधे लोखंडी मांडणी आणि सदासर्वकाळ गरम ओल्या सुताचा वास.

दुकानाचा एकच कायदा होता, तोही मॉनिटरने केलेला. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला नंबराची कापडी पट्टी टाचायची आणि गिऱ्हाइकाला त्याच नंबराची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नाही तर गठ्ठा नाही. मग समोर कोणीही असो. एकदा मॉनिटरची सख्खी मावशी चिठ्ठी विसरून आली तर हिने तिला दोन जिने चढून घरी परत पाठवली होती. काउंटरच्या वर तिच्याच टपोऱ्या अक्षरात पाटी होती: चिठ्ठी दाखवा, गठ्ठा न्या.

पट्ट्या टाचायचं काम ससुलीचं. बाळ लहान म्हणून मशीनपाशी मॉनिटर उभी राहायची आणि ससुली घरी बसून पट्ट्या टाचायची, चिठ्ठ्या फाडायची, महिन्याची बिलं लिहायची. मांडीवर मूल, हातात सुई. इतके टॉवेल तिच्या हाताखालून गेले, पण एकही कधी बिनपट्टीचा गेला नाही. आणि पैशाचं कसं? तर महिन्याची कमाई मॉनिटर वाटायची. ससुलीच्या वाट्यातून हप्त्याचे पैसे आधीच बाजूला काढायची, स्वतःचे त्यात घालायची आणि बँकेत भरायची. त्याची चिठ्ठी? छे! मैत्रिणीकडे कोणी चिठ्ठी मागतं का?

दर महिन्याच्या पाच तारखेला मॉनिटरचा मेसेज यायचा. मुलगी उठल्यावर फोन चालू केला की दिसायचा: “हप्ता गेला गं ससुले. झोप निवांत.”

आणि ती खरोखर निवांत झोपायची. म्हणजे मुलगी झोपू देईल तेवढी.

मुलीला बारावा महिना लागला तेव्हा ससुलीच्या नणंदेने भाचीच्या नावाने थोडे पैसे पाठवले. बँकेत खातं उघड, म्हणाली. ससुली मुलीला कडेवर घेऊन गेली. खात्याचं काम दुसऱ्या खिडकीवर होतं, पण तिथल्या माणसाने तिचं नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, “तुम्ही जरा कर्जाच्या टेबलाला जाऊन या.”

त्याच बाई. तोच दोरीवाला चष्मा.

“या. बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “चार हप्ते थकलेत. दोन नोटिसा पाठवल्या, फोन तर किती केले. पाचवा चुकला की मशीन आम्ही ताब्यात घेणार, हेही कळवलं होतं.”

“नाही, नाही,” ससुली म्हणाली. “तुमची काहीतरी गडबड झालीय. हप्ता जातो. दर पाच तारखेला जातो.”

“सहा गेले. मग चार नाही गेले.”

“मला एकही फोन नाही आला.”

बाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. पहिल्या अर्जदाराचा नंबर, दुसऱ्या अर्जदाराचा नंबर. वर-खाली, एकासारखा एक. नोटिसांचा पत्ता दुकानाचा. बाई “मी सांगितलं होतं” असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान कोणावर तरी चिडता आलं असतं. त्यांनी फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मुलीने लगेच त्यात हात बुडवला.

ससुलीने फोन काढला. मागचे चार मेसेज तिने बाईंसमोरच वाचले. हप्ता गेला गं ससुले. हप्ता गेला गं ससुले. हप्ता गेला. चौथ्यात तर मॉनिटरने बाळासाठी एक पापाही पाठवला होता.

“हे जपून ठेवा,” बाई हळूच म्हणाल्या. “पुसू नका. रागात लोक पुसून टाकतात.”

ती तडक घरी आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी मुलीला काढून घेतलं आणि म्हणाल्या, “बस आधी. मग बोल. आणि काय असेल ते सगळं बोल, अर्धं पोटात ठेवू नकोस.”

तिने सगळं सांगितलं. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवारी यायचा. त्यालाही फोनवर सांगितलं. तो बिचारा घाबरला. “जाऊ दे गं,” म्हणाला. “इकडून तिकडून उचलून आपणच गुपचूप भरून टाकू. बोभाटा नको. लोक म्हणतील, मैत्रिणींनी धंदा काढला आणि झिंज्या उपटल्या.”

एरवी ससुली हो म्हणाली असती. भांडण म्हटलं की ती आधीच माघार घ्यायची. पण समोर जमिनीवर टॉवेलांचा ढीग होता, त्यातले निम्मे टाचून झालेले. ती त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. कोण कुठले लोक, त्यांच्या रुमालाचासुद्धा हिशेब तिने चुकू दिला नव्हता.

“भरायचे तर भरू,” ती म्हणाली. “पण गुपचूप नाही भरणार. चोरी तिची आणि तोंड मी लपवू?”

सासूबाईंनी फोन आपल्याकडे ओढला आणि म्हणाल्या, “ऐकलंस ना? आता ठेव. आम्हाला कामं आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली. मॉनिटर ड्रायरमधून चादरी काढत होती. “अय्या, ससुली आणि बिळाबाहेर! बाळ कुठंय?”

“आजीकडे. हप्ता कुठंय?”

मॉनिटरचे हात थांबले. पण एकच क्षण. मग तिने चादरीची दोन टोकं ससुलीच्या हातात दिली, नेहमीसारखी, घडी घालायला. आणि सवय अशी वाईट की ससुलीने ती धरली. दोघी समोरासमोर आल्या, मागे गेल्या, पुन्हा समोरासमोर आल्या, आणि त्यातच सगळं भांडण झालं.

“सांगणारच होते,” मॉनिटर म्हणाली.

“चार महिने?”

“हे बघ, चिडणार नसशील तर बोलते. दहा महिने इथे कोण उभं आहे? हे वाफेने सोलवटलेले हात कोणाचे? तू घरी बसून सुईदोरा करतेस आणि वाटा निम्मा. हप्ता तरी दोघींनी सारखाच का भरायचा? तुझ्याकडचे पैसे मी माझी मजुरी म्हणून ठेवले.”

“आणि तुझ्याकडचे?”

“ते...” मॉनिटरने घडी उगाच दाबली. “मी बाजाराच्या रस्त्याला एक गाळा बघितलाय. माझा एकटीचा. त्याची अनामत भरली. अगं, बँक काय, थोडे दिवस थांबते. नाहीच थांबली तर तुमच्याकडे नवरा कमावता आहे. माझ्यामागे कोण आहे?”

खरं सांगायचं तर मजुरीच्या बोलण्याने ससुली आतून हलली. हात खरंच सोलवटलेले होते. हिशेब सारखा नव्हता हेही खरं होतं, आणि ते तिने कधी स्वतःहून विचारलं नव्हतं. मॉनिटरने तेव्हाच थांबायला हवं होतं. पण ती हसली. तेच जुनं, रांगेत फी भरून आल्यावरचं हसू. “चल, आता डोळ्यांत पाणी नको आणूस. तुला जमायचं नाही गं हे भांडण. तू आपली पट्ट्या टाच, मी बघते सगळं.”

ससुलीने चादर सोडून दिली. चादर जमिनीवर पडली.

“मजुरी मागायची होतीस,” ती म्हणाली. “मागितली असतीस तर दिली असती, वर माफी मागितली असती. तू मागितली नाहीस. तू मला पापा पाठवलास, बाळासाठी, आणि खाली लिहिलंस हप्ता गेला. नोटिसा या काउंटरवर आल्या. तू त्या उघडून ठेवून दिल्यास.”

“मग करणार काय आहेस? पोलिसात जाणारेस? माझ्यावर?”

“कुठे जायचं ते बघते. पण यापुढे तू बघणार नाहीस.”

बाहेर आल्यावर ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि पाच मिनिटं रडली. मग उठली. वेळ कुठे होता? पाच तारीख आठ दिवसांवर आली होती.

त्या आठ दिवसांत ससुलीने जे केलं ते तिला ओळखणाऱ्या कोणालाही खरं वाटलं नसतं. ती मुलीला कडेवर घेऊन बँकेत गेली आणि आपला नंबर, आपला घरचा पत्ता कर्जाच्या खात्याला लावून आली. सगळ्या हप्त्यांचा उतारा शिक्क्यासकट घेतला. चार मेसेजांचे कागद काढले आणि मुदत मागणाऱ्या अर्जाला जोडले. “हे दाखवलं म्हणून तुमच्यावरचं कर्ज काही माफ होत नाही हां,” बाई म्हणाल्या. “बँकेला पैसे हवेत, कोणाकडूनही.”

“ठाऊक आहे. आता पाठ झालंय. पुरतं माझ्यावर आणि पुरतं तिच्यावर.” मग तिने विचारलं, “पण मशीनचं काय? तेही पुरतं दोघींचं का? की अर्धं अर्धं?”

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. “कर्ज फिटेपर्यंत मशीन बँकेकडे तारण. आमच्या लेखी परवानगीशिवाय जागचं हलवता येत नाही. ना तुम्हाला, ना त्यांना. का हो?”

“गाळा रिकामा आहे तिचा,” ससुली म्हणाली. “हे मला लिहून द्याल?”

बाईंनी लिहून दिलं.

मग क्लिनिक. तिथली मॅनेजर घाईची बाई, उभ्याने बोलणारी. ससुलीने काही लपवलं नाही. भागीदारणीने हप्ते भरले नाहीत, मशीन जायची वेळ आलीय, या महिन्याचं बिल आत्ता द्या आणि पुढची बिलं सरळ कर्जाच्या खात्यात भरा. बोलताना कानशिलं तापली होती. मॅनेजर खुर्चीत बसली, म्हणजे हे मोठंच झालं, आणि म्हणाली, “माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिने कोणाला सांगितलंच नाही. शेवटी घर विकलं.” आणि सहीसाठी पेन मागितलं.

त्या बिलात आणि नवऱ्याने पाठवलेल्या पैशांत दोन थकलेले हप्ते फिटले. उरलेल्या दोनासाठी बँकेने मुदत दिली. मशीन वाचलं, असं वाटलं.

चार तारखेला दुपारी दुकानाशेजारच्या चांभारकाकांचा फोन आला. आता फोन चालूच असायचा; मुलगी उठली तर उठली. “पोरी, तुमच्या दुकानापुढे टेम्पो लागलाय. दोन हमाल आहेत.”

ससुली धावली. कडेवर मुलगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मागून सासूबाई, हातात कागदांची पिशवी. दुकानाचं शटर वर होतं. ड्रायरचा पाइप काढलेला, हमालांनी खाली दोर सरकवलेला, आणि मॉनिटर हातवारे करत होती, “जरा तिरपा घ्या, कोपरा सांभाळा.”

“काय चाललंय?” ससुलीने विचारलं.

“वाटणी,” मॉनिटर म्हणाली. “तमाशा नको. वॉशिंग मशीन तुला, ड्रायर मला. निम्मं-निम्मं. माझ्या वाट्याचं मी नेतेय.”

ससुली काउंटरच्या फळीखालून आत शिरली. दुकानात काउंटरमागे ती उभी राहायची नाही, ती मॉनिटरची जागा. आज राहिली. मुलीला तिने काउंटरवर बसवलं आणि वरच्या पाटीकडे बोट केलं.

“चिठ्ठी दाखव.”

“काय?”

“वाच की. तुझंच अक्षर आहे. चिठ्ठी दाखवा, गठ्ठा न्या.”

हमालांतल्या म्हाताऱ्याने दोर सोडला आणि पाटीकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं थांबायला लागली.

“ससुले, वेड लागलंय का?” मॉनिटर दात आवळून म्हणाली. “बाजूला हो. लोक बघतायत.”

“बघू देत. तुझ्या मावशीला दोन जिने चढायला लावलंस तेव्हाही लोक बघत होते. ड्रायर न्यायचाय ना? बँकेची चिठ्ठी दाखव आणि ने. मी स्वतः हात लावते उचलायला.” तिने पिशवीतून कागद काढला आणि काउंटरवर पसरला. “ही माझ्याकडे आहे. कर्ज फिटल्याशिवाय हे मशीन जागचं हलत नाही. आणि निम्मं-निम्मं असं काही नसतं गं. ना कर्जात, ना मशीनमध्ये. मलाही आत्ताच कळलंय.”

टेम्पोवाला पुढे आला. कागदावरचा शिक्का बघून त्याने कपाळाला हात लावला. “ओ बाई, बँकेचा माल आहे का हा? आधी सांगायचं ना! माझी गाडी अडकवता काय?”

“अहो, माझाच आहे!” मॉनिटर ओरडली.

“मग चिठ्ठी दाखवा,” म्हातारा हमाल शांतपणे म्हणाला, आणि चांभारकाका खो खो हसले.

मॉनिटर पुढे आली. काउंटरच्या अलीकडे ही, पलीकडे ती, मधे अकरा महिन्यांची पोरगी आणि तिच्या मुठीत कर्जाच्या पत्राचा कोपरा. “इतक्या वर्षांची मैत्री,” मॉनिटर हळू म्हणाली. आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. “तुझ्यासाठी मी रांगेत उभी राहिले होते.”

ससुलीने मुलीच्या मुठीतून पत्राचा कोपरा हळूच सोडवला.

“राहिली होतीस. म्हणूनच मी नंबर तुझा दिला,” ती म्हणाली. “तुझ्या मजुरीचा हिशेब मी करून आणलाय. दहा महिन्यांचा, तासांवर, क्लिनिकमध्ये कामवाल्या बाईला देतात त्या दराने. तो तुझ्या थकलेल्या पैशांतून वजा केलाय. तरी उरतात ते तू भरायचेस. सही कर, नाहीतर हे सगळं वकिलाकडे जातंय. उद्या पाच तारीख आहे, उद्याच.”

मॉनिटरने तो कागद वाचला. बराच वेळ वाचला. कुठेतरी तिला अपेक्षा असावी की आकडा कमी लावला असेल, मग भांडता येईल. तसं नव्हतं. ससुलीने तिचा एक तासही खाल्ला नव्हता. बहुतेक तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने सही केली नाही. कागद घेतला, पर्समध्ये कोंबला आणि टेम्पोवाल्याकडे न बघताच पायी निघून गेली.

“आमचं भाडं?” टेम्पोवाला म्हणाला.

“तिच्याकडून घ्या,” सासूबाई म्हणाल्या. “तिला सगळं बघायची सवय आहे.”

मॉनिटरने अजून सही केलेली नाही. वकिलाची नोटीस गेली आहे, तिचं उत्तर आलंय, त्यात ससुलीला काय काय म्हटलंय ते लिहिण्यासारखं नाही. पण त्या पाच तारखेचा हप्ता वेळेवर गेला, पुढचाही. ड्रायरला एक कापडी पट्टी टाचलेली आहे, खरं तर चिकटवलेली, नंबर एक. मुलगी दुकानातच झोपते, मशीनच्या घरघरीत, अगदी गाढ; आवाजाची सवय लावायला कोणी इतके दिवस धजलंच नव्हतं. आणि हप्ता गेला की बँकेचा मेसेज ससुलीच्या फोनवर येतो, मोठ्ठा टिंग वाजवून. गॅसचं बटण ती अजून तीनदाच तपासते. ते काही सुटायचं नाही.

आता तुमचं काम. तुमच्या नात्यात, शेजारात, ऑफिसात अशी एखादी असेलच. कडेवर मूल, डोळ्याखाली काळं, आणि “पैशाचं मला काही बघावंच लागत नाही, सगळं तीच बघते” असं कौतुकाने सांगणारी. कौतुक ऐकून पुढे जाऊ नका. तिला आजच फोन करा. नाही उचलला तर बाळ झोपलं असेल म्हणून सोडून देऊ नका. जा, दार हळूच वाजवा, मूल जरा वेळ तुमच्याकडे घ्या. आणि तिला एवढंच विचारा: बँकेचा मेसेज कोणाच्या फोनवर येतो?